कायदा करताना कामगार-मालकांना विचारणाऱ्या तीन खिडक्या: कुठे वेळ घालवावा, कुठे नाही

कामगार आणि मालक यांना अधिकृतपणे विचारूनच कामगार कायदे करायचे, अशी सोय आपल्याकडे कागदावर एक नाही, तीन आहेत. भारतीय श्रम परिषद, किमान वेतनाची सल्लागार मंडळं, आणि राजपत्रातल्या मसुद्यावर मागवल्या जाणाऱ्या हरकती व सूचना. पहिलीचं शटर खाली आहे. दुसरी रडतखडत का होईना, माल देते. तिसरीत कागद आत जातो, पण उत्तर बाहेर येत नाही. युनियनचे पदाधिकारी, लघुउद्योजकांच्या संघटना आणि कंपन्यांचे एचआरवाले यांनी कोणत्या खिडकीशी किती वेळ उभं राहावं, एवढ्यापुरता हा आढावा.

भारतीय श्रम परिषद

पाचपैकी गुण द्यायचे तर इतिहासाला पाच, आजच्या सेवेला शून्य.

७ ऑगस्ट १९४२ ला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले, तेव्हा अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते नुकतेच श्रम सदस्य झाले होते. देशभर एकसारखे कामगार कायदे, औद्योगिक तंटे सोडवण्याची पद्धत, आणि मालक-कामगार संबंधातल्या अखिल भारतीय प्रश्नांवर चर्चा, ही तीन उद्दिष्टं त्यांनी तिथे मांडली. त्यातूनच कायमस्वरूपी परिषद आणि तिच्या जोडीला स्थायी श्रम समिती उभी राहिली. रीत आजही तीच आहे. स्थायी समितीने विषयपत्रिका ठरवायची, टिपणं आधी वाटायची, प्रत्येक विषयावर वेगळ्या समितीने बसून निष्कर्ष काढायचे आणि ते पूर्ण सभेत मांडायचे. मतदान नाही, सहमती. निष्कर्ष सल्ला म्हणून, बंधनकारक नाहीत.

बंधनकारक नसलेला सल्ला किती टिकतो? १९५७ चं १५ वं अधिवेशन बघा. गुलझारीलाल नंदा तेव्हा केंद्रीय श्रममंत्री होते. किमान वेतन कसं काढायचं याचं माप त्या अधिवेशनाने ठरवलं. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एककं धरायची (एक प्रौढ माणूस म्हणजे एक एकक; नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून तीन), घरातल्या बाईची आणि मुलांची कमाई मोजायची नाही. दर एककाला रोज २,७०० कॅलरी. माणशी वर्षाला १८ यार्ड कापड, म्हणजे चौघांच्या घराला ७२ यार्ड. भाडं सरकारी औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या किमान जागेच्या हिशेबाने. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के घातले. आणि २०२० साली वेतन संहितेच्या (वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारा २०१९ चा कायदा) केंद्रीय नियमांचा मसुदा निघाला, तेव्हा त्यात कापड लिहिलं होतं ६६ मीटर. ७२ यार्डांचे मीटर करून बघा, ६५.८४ येतात. त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या टेबलावरचं कापड नव्या नियमात जसंच्या तसं उतरलं होतं, फक्त वरच्या पूर्णांकात.

हे माप वापरताना एक गफलत सर्रास होते आणि तिची किंमत मोठी आहे, म्हणून जरा थांबू या. २०२० च्या मसुद्यात भाडं अन्न-कापडाच्या खर्चाच्या १० टक्के धरलं आहे. इंधन वगैरेचे २० टक्के आणि शिक्षण वगैरेचे २५ टक्के मात्र 'किमान वेतनाच्या' आहेत, आधीच्या बेरजेच्या नाहीत. समजा, चौघांच्या घराचं अन्न आणि कापड महिन्याला १०,००० रुपयांचं. भाडं १,०००, बेरीज ११,०००. पुष्कळ जण इथे ११,००० वर २० टक्के (२,२००) आणि २५ टक्के (२,७५०) चढवून १५,९५० वर थांबतात. बरोबर रीत उलटी आहे. २० आणि २५ मिळून वेतनाचे ४५ टक्के आधीच राखीव झाले, म्हणजे ११,००० हे उरलेले ५५ टक्के. भागिले ०.५५, उत्तर २०,०००. ताळा करा: इंधन वगैरे ४,०००, शिक्षण वगैरे ५,०००, अधिक ११,०००. बरोबर बसतं. फरक महिन्याला ४,०५० रुपयांचा, २६ दिवसांच्या हिशेबाने रोजी दीडशेहून जास्त. थोडक्यात, त्या मसुद्याच्या सूत्राने किमान वेतन म्हणजे अन्न-कापडाच्या खर्चाच्या बरोबर दुप्पट. टक्केवारी बदलली तर भागाकार बदलेल, रीत तीच. वाटाघाटीत समोरचा १५,९५० चा कागद सरकवतो तेव्हा तो लबाडीच करतो असं नाही, कित्येकदा त्यालाही गणित उमगलेलं नसतं. मालकांच्या बाजूने बसणाऱ्यांनीही ही रीत नीट समजून घ्यावी, कारण चुकीचा आकडा हरकतींच्या टप्प्यावर उघडा पडतो आणि मग पुढच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

असा टिकाऊ माल देणारं हे दुकान, आणि त्याचं शेवटचं, ४६ वं, अधिवेशन झालं २० आणि २१ जुलै २०१५ ला. त्यानंतर वेतन संहिता २०१९ मध्ये आली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये संमत झाल्या. चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. २९ केंद्रीय कायदे चारांत गुंडाळले गेले, स्वातंत्र्यानंतरची कामगार कायद्यांची ही सगळ्यात मोठी फेररचना, आणि या सगळ्या काळात परिषद एकदाही बसली नाही. सरकारचं म्हणणं असं की नऊ त्रिपक्षीय बैठका घेतल्या. बैठका झाल्या असतील. पण मंत्रालयाने बोलावलेली बैठक वेगळी आणि परिषद वेगळी. परिषदेत विषयपत्रिका तिघांची असते आणि निष्कर्षाचा कागद तिघांच्या नावे निघतो. बैठकीत 'उपस्थितांनी मते मांडली' एवढ्या ओळीवर इतिवृत्त संपू शकतं.

परिषद बसली नाही म्हणून कोणता कायदा मोडला? एकही नाही. खरा दोष इथे आहे. ती कायद्याने स्थापन झालेलीच नाही. दरवर्षी बोलवावी हा रिवाज आहे, कलम नाही. कोणी बोलवायची, किती दिवसांत, निष्कर्ष नाकारले तर लेखी कारण द्यायचं की नाही, काहीच कुठे बांधलेलं नाही. २०१३ च्या ४५ व्या अधिवेशनाने अंगणवाडी सेविका, आशा आणि मध्यान्ह भोजन करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, असं सहमतीने सांगितलं होतं. त्या सहमतीत सरकारही होतं. आपल्याकडच्या सेविका आजही 'मानधना'साठी आझाद मैदानात बसतात.

खुर्च्यांचं वाटपही शिळं आहे. केंद्रीय कामगार संघटना म्हणून कोणाला धरायचं हे सदस्यसंख्येच्या पडताळणीवरून ठरतं, आणि शेवटची पुरी झालेली पडताळणी २००२ अखेरच्या आकड्यांवरची. ॲपवरून डिलिव्हरी करणारा पोरगा त्या यादीत सापडायचा नाही. मालकांच्या बाकावर मोठ्या उद्योगांचे महासंघ भक्कम असतात. लघुउद्योगांनाही जागा आहे, पण भोसरीतला वीस माणसांचा फॅब्रिकेटर किंवा इचलकरंजीतला बारा मागांचा मालक यांचं गणित मोठ्या कंपनीच्या गणिताशी जुळत नाही, आणि बाकावर दोघांचा आवाज एकच धरला जातो.

आणखी एक सूचना. निवेदनांत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, हवाला देऊन 'आयएलओच्या करार क्र. १४४ नुसार परिषद घेणं सरकारवर बंधनकारक आहे' असं वाक्य हमखास असतं. भारताने तो करार १९७८ मध्ये स्वीकारला हे खरं, वर्षातून किमान एकदा सल्लामसलत हवी हेही खरं. पण तो सल्ला आयएलओच्या कामापुरता आहे: प्रश्नावल्यांची उत्तरं, नव्या करारांचं काय करायचं, स्वीकारलेल्यांचे अहवाल. देशातल्या प्रत्येक कामगार कायद्याला तो लागू पडत नाही. त्या वाक्यावर सगळी मदार ठेवली तर मंत्रालयाचं उत्तर दोन ओळींत येतं.

कलमाने बांधलेली परिषद कशी चालते

तुलनेला दक्षिण आफ्रिकेची नेडलॅक, म्हणजे तिथली राष्ट्रीय आर्थिक विकास व श्रम परिषद, घ्यावी. वर्णभेदी राजवट संपताच १९९४ चा ३५ क्रमांकाचा कायदा करून ती स्थापन झाली आणि १९९५ मध्ये कामाला लागली. सरकार, संघटित उद्योग, संघटित कामगार आणि चौथा पक्ष म्हणून समाजसंघटना. चार दालनं: श्रमबाजार, व्यापार-उद्योग, सार्वजनिक वित्त व चलनधोरण, आणि विकास. कायदा सांगतो की कामगारविषयक प्रत्येक प्रस्तावित विधेयक संसदेत जाण्याआधी नेडलॅकने पाहायचं, आणि सामाजिक-आर्थिक धोरणातले महत्त्वाचे बदलही अमलात येण्याआधी तिथे यायचे. 'इच्छा असल्यास' नाही.

वर एक खास तरतूद आहे. १९९५ च्या श्रमसंबंध कायद्याचं कलम ७७. सरकारच्या आर्थिक धोरणाविरुद्ध संप करायचा असेल, तर युनियनने आधी कारण आणि स्वरूप लिहून नेडलॅकला नोटीस द्यायची. विषय तिथे चर्चेला येतो. तरी मिटलं नाही तर संपाआधी किमान १४ दिवस पुन्हा नोटीस. एवढं केलं की संपात उतरलेल्या कामगाराला कायद्याचं संरक्षण. म्हणजे चर्चेच्या टेबलालाच रस्त्यावरचा दरवाजा जोडून दिला आहे; टेबलावर न आलेलं सरकार आणि टेबल टाळून थेट रस्त्यावर गेलेली युनियन, दोघांचंही नुकसान. २०१९ पासून लागू झालेलं तिथलं ताशी २० रँडचं राष्ट्रीय किमान वेतन याच वाटाघाटींतून निघालं. शेतमजुरांना १८, घरकामगारांना १५ अशा तडजोडीही त्याच टेबलावर झाल्या.

पण नेडलॅकलाही वळसा घालता येतो. १९९६ मध्ये सरकारने 'गिअर' हे आर्थिक धोरण नेडलॅकबाहेर ठरवलं आणि त्याचा गाभा वाटाघाटीला नाही म्हणून सांगितलं. कामगार विधेयकांवर ही यंत्रणा पकड ठेवते. अर्थसंकल्प, कर आणि व्याजदर आले की पकड सुटते. शिवाय उशीर होतो, आणि चौथा पक्ष नक्की कोणाचा प्रतिनिधी, हा वाद सुटलेला नाही.

नेदरलँड्सची सामाजिक-आर्थिक परिषद १९५० पासूनची. आज ३३ सदस्य: ११ मालकांचे, ११ कामगारांचे, ११ सरकारने नेमलेले पण सरकारचे हुकूम न घेणारे. तिला विचारण्याची सक्ती १९९५ मध्ये रद्द झाली, तरी सरकारं विचारत राहिली, कारण दोन्ही बाजूंनी सही केलेला सल्ला संसदेत अर्धी लढाई आधीच जिंकून देतो. पंचेचाळीस वर्षं सवय लागल्यावर सक्ती काढणं वेगळं. आपल्याकडे सक्ती कधी नव्हतीच आणि जी सवय होती ती मोडली.

किमान वेतन सल्लागार मंडळ

ही खिडकी वापरा. पाचपैकी साडेतीन.

कारण साधं आहे, ती कायद्यात आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती, वेतन संहितेतही आहे. मालक आणि कामगार समसमान, स्वतंत्र व्यक्ती एकूण सदस्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त नाहीत, अध्यक्ष त्या स्वतंत्रांमधला. संहितेने एक तृतीयांश सदस्य महिला असण्याची अट घातली, हे चांगलं झालं. राज्य मंडळ नेमणं सरकारला भाग आहे. वेतन ठरवण्याच्या दोन वाटा: समिती नेमून चौकशी, किंवा प्रस्ताव राजपत्रात छापून किमान दोन महिने हरकतींना देणं. पाच वर्षांच्या आत फेरविचार.

बारीक अक्षरांत मात्र एक खोट आहे. देशभराचा तळ-वेतनदर (ज्याच्या खाली कोणत्याही राज्याचं किमान वेतन जाऊ नये असा दर) ठरवताना केंद्राने केंद्रीय सल्लागार मंडळाचा सल्ला 'घेता येईल' असं कलम ९ म्हणतं. घ्यावाच लागेल असं म्हणत नाही. हा दर २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये होता. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने ३७५ रुपये सुचवले, तेही कॅलरी २,७०० वरून २,४०० वर आणून आणि उपभोग-एककं तीनवरून ३.६ करून. ती समिती तज्ज्ञांची होती, त्रिपक्षीय नव्हती. त्या वर्षी दर वाढला तो दोन रुपयांनी.

राज्यात काम करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. प्रस्तावात परिमंडळांची, म्हणजे वेगवेगळ्या दरांच्या भागांची, व्याख्या आधी वाचा, दर नंतर. आपली एमआयडीसी महापालिका हद्दीत धरली आहे की हद्दीबाहेर, यावर दोन शेजारच्या शेडमधले दर वेगळे पडू शकतात. दुसरं, मूळ दर आणि विशेष भत्ता वेगळे ठेवून वाद घाला. भत्ता महागाई निर्देशांकावर जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. मूळ दर एकदा खाली अडकला की पुढच्या फेरविचारापर्यंत तो खालीच राहतो. तिसरं, कुशल-अर्धकुशल-अकुशल या याद्या. यंत्र बदललं, कामाचं नाव जुनंच राहिलं, आणि सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) चालवणारा अर्धकुशलात बसला, हे याच टप्प्यावर दुरुस्त होतं. नंतर ते कामगार न्यायालयात वर्षानुवर्षं चालतं.

जाता जाता माथाडी मंडळांचा उल्लेख करायलाच हवा, कारण घरचं उदाहरण तेच. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला १९६९ चा महाराष्ट्राचा कायदा. मंडळावर मालक आणि असंरक्षित कामगार सारख्या संख्येने, सरकारचे सदस्य कमी. पण जोर संख्येत नाही, पैशात आहे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या टक्केवारीने आकारलेली जादा रक्कम) मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, दवाखाना बघतं. हिशेबाची वही ज्या टेबलावर असते ते टेबल ओस पडत नाही. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा, पण तो मंडळाच्या रचनेचा दोष नव्हे.

राजपत्रातल्या हरकती व सूचना

पाचपैकी दोन. फुकट आहे, कोणालाही खुली आहे, आणि नीट वापरली तर छोट्या गोष्टी मिळतात.

संहितांखालचे नियम 'पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर' करायचे असतात. म्हणजे सामान्य वाक्खंड अधिनियम, १८९७ चं कलम २३: मसुदा छापायचा, तारीख द्यायची, आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या. त्याच कलमाच्या शेवटी मेख आहे. अंतिम नियम राजपत्रात छापून आला की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा. तुमची हरकत खरोखर कोणी वाचली का, हे नंतर कोर्टात उकरणं त्यामुळे फार अवघड. २०१४ च्या केंद्राच्या पूर्व-सल्लामसलत धोरणात किमान ३० दिवस, सोप्या भाषेत टिपण आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर, असं सगळं आहे. ते धोरण आहे, कायदा नाही.

सगळ्यात जास्त वाया जाणारी हरकत म्हणजे 'संहिता रद्द करा'. नियमांच्या मसुद्यावर ती देऊन उपयोग नाही, नियम संहितेला हात लावू शकत नाहीत. कामगार-कपात आणि कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, ती औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. सरकार अधिसूचनेने ती आणखी वर नेऊ शकतं, नियमांतून खाली आणता येत नाही. नियमांत बदलू शकतात ते फॉर्म, मुदती, नोटीस कोणत्या भाषेत लावायची, अर्ज फक्त पोर्टलवर की कागदावरही, पोच कशी मिळेल. हेच मागा.

कागद कसा करायचा: वर अधिसूचनेचा सा.का.नि. क्रमांक (राजपत्रात तिच्यावर छापलेला, इंग्रजीत जी.एस.आर.) आणि तारीख. खाली चार रकाने, नियम क्रमांक, मसुद्यातलं वाक्य, सुचवलेलं वाक्य, आणि कारण. एका ओळीत एकच नियम. 'योग्य ती सुधारणा करावी' असं लिहू नका, सुधारलेलं वाक्यच लिहून द्या. फाइल हाताळणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला ते उचलून ठेवता येतं. केंद्राचे मसुदे हिंदी आणि इंग्रजीत निघतात, मराठीत नाही, ही तक्रार रास्त आहे, पण तिच्यापायी मुदत घालवू नका. दिवस राजपत्रावरच्या तारखेपासून मोजायचे की प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून, हे मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात असतं. बहुधा दुसरं असतं. तरी पहिली तारीखच धरा. ईमेल करा आणि टपालानेही पाठवा, आवक शिक्क्याची प्रत ठेवा. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेण्यापेक्षा पाच कारखान्यांचे पाच वेगळे हिशेब जास्त काम करतात.

अंतिम नियम छापून आले की त्याच आठवड्यात दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 'आमच्या हरकतीचं काय झालं?' असं विचारलं तर 'विचारात घेण्यात आली' असं उत्तर येतं. त्याऐवजी कागद मागा: एकूण किती हरकती आल्या त्याची नोंदवही, नियमवार तक्ता, मान्य-अमान्य केल्याची टिप्पणी आणि त्यावरच्या सहीची तारीख. उत्तराला ३० दिवस. तक्ता नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. पुढच्या मसुद्याच्या वेळी निवेदनाला पहिलं सहपत्र तेच जोडायचं.